शिवडी, कुर्ला, चाकण : परदेशी मोटारीच्या प्रश्नाचा इतिहास

परदेशात तयार झालेली मोटार विकत घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाच्या आवडीचा आणि ऐपतीचा आहे. परंतु मोटार ही वस्तू महाग, गुंतागुंतीची आणि रस्त्यावर सतत नजरेस पडणारी असल्यामुळे तिच्या खरेदीत देशाचे चलन, कामगाराची रोजी, कारागिरीचे ज्ञान आणि राष्ट्राचा स्वाभिमान असे अनेक धागे गुंततात, आणि म्हणूनच विसाव्या शतकात मोटार वापरणाऱ्या बहुतेक देशांत हा प्रश्न राजकारणाचा झाला. ब्रिटनने पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जहाजांतील जागा आणि चलन वाचविण्यासाठी परदेशी मोटारींवर ३३⅓ टक्के जकात बसविली आणि युद्ध संपल्यानंतरही, मधला थोडा काळ वगळता, ती कायम ठेवली; अमेरिकेने १९८१ मध्ये जपानला आपल्या मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांपर्यंत मर्यादित करावयास भाग पाडले. भारतात हा प्रश्न याहून अवघड होता, कारण परदेशी मोटारीऐवजी घ्यावी अशी देशी मोटारच अस्तित्वात नव्हती, आणि ती निर्माण करावी असे वाटणाऱ्यांच्या हाती सत्ता नव्हती. या प्रश्नाचा जवळजवळ शंभर वर्षांचा प्रवास महाराष्ट्रातील तीन ठिकाणांच्या आधारे समजून घेता येतो. परदेशी मोटारींची जोडणी झाली ती शिवडी, संरक्षणाच्या आडोशाला मोटारीचा कारखाना उभा राहिला ते कुर्ला, आणि परदेशी कंपन्यांनी स्वतःच येऊन मोटारी बनविण्यास सुरुवात केली ते चाकण. या प्रवासातून दिसते ते असे की, गाडीवर कोणाचे नाव आहे यापेक्षा तिच्या किमतीतला किती भाग, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तिच्या निर्मितीचे किती ज्ञान, देशात मुरले, हाच नेहमी खरा प्रश्न होता. आणि ज्या काळात धोरणकर्त्यांना त्याचा विसर पडला त्या काळात देशाचे नुकसान झाले.

या प्रश्नामागची विचारपरंपरा मोटारीपेक्षा जुनी आहे. लोकहितवादींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ‘शतपत्रां’तून देशी माल वापरण्याचा आग्रह धरला होता, दादाभाई नौरोजींनी देशातून बाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, खुल्या व्यापाराचा सिद्धान्त सर्व देशांना सर्व काळी सारखाच लागू पडत नाही, उद्योगांत मागे राहिलेल्या देशात सरकारने नव्या धंद्यांना आधार देणे आवश्यक असते, अशी भूमिका घेतली. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीने हा विचार घरोघर नेला. मात्र त्या चळवळीचा भर कापड, साखर, काच अशा वस्तूंवर होता, ज्यांना देशी पर्याय होता किंवा अल्पावधीत उभा करता येत होता. मोटारीच्या बाबतीत परदेशी मालावर बहिष्कार म्हणजे मोटारच न वापरणे, एवढाच अर्थ उरत असे.

सरकारी पातळीवर या विचाराला पहिली मान्यता मिळाली ती १९२१ मध्ये नेमलेल्या आणि मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या ‘इंडियन फिस्कल कमिशन’मुळे. या आयोगाने १९२२ च्या अहवालात ‘विवेचक संरक्षणा’चे तत्त्व मांडले, म्हणजे सरसकट सर्व उद्योगांना नव्हे, तर पारखून निवडलेल्या उद्योगांनाच परदेशी स्पर्धेपासून जकातीचा आडोसा द्यावा. त्यासाठी तीन कसोट्या ठरविण्यात आल्या : त्या उद्योगाला देशात कच्चा माल, मजूर, बाजारपेठ अशी नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणाशिवाय तो उभा राहण्याची किंवा पुरेशा वेगाने वाढण्याची शक्यता नसावी, आणि कालांतराने संरक्षण काढून घेतल्यावर तो जगाच्या स्पर्धेत टिकू शकेल असा असावा. यांतील तिसरी कसोटी या सर्व इतिहासाचा मापदंड ठरते, कारण पहिल्या दोन कसोट्यांच्या आधारे संरक्षण मागणारे पुढे पुष्कळ निघाले, परंतु तिसरीची आठवण ठेवणारे थोडेच होते.

मोटारींची आयात विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून वाढत गेली, आणि ब्रिटिश सरकारने तिच्याकडे प्रथम महसुलाचे साधन म्हणून पाहिले. पहिल्या महायुद्धानंतर चैनीच्या वस्तू म्हणून मोटारींवरील जकात ३० टक्क्यांपर्यंत चढली होती; ती १९२७ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवर आणण्यात आली. त्याच वर्षी मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला. जकात कमी, रस्ते अधिक आणि मोटारी अधिक असे हे धोरण होते; परंतु वाढणाऱ्या मागणीचा लाभ कोणत्या देशाच्या कारखान्यांना होणार, या प्रश्नाने त्यातच राजकीय वळण घेतले.

साम्राज्य ब्रिटिशांचे असले तरी भारतीय रस्त्यांवर अमेरिकन बनावटीच्या गाड्यांची संख्या फार मोठी होती, आणि त्याचे कारण दोन्ही देशांच्या उद्योगांच्या घडणीत होते. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवरील वार्षिक कर तिच्या ‘अश्वशक्ती’वर आकारला जाई आणि ही अश्वशक्ती सिलिंडरच्या व्यासावरून ठरविली जाई, त्यामुळे ब्रिटिश कारखानदार अरुंद सिलिंडरची लहान इंजिने बनवीत, जी तिकडच्या गुळगुळीत रस्त्यांना आणि करपद्धतीला सोयीची होती. अमेरिकन गाड्या मोठ्या इंजिनाच्या, जमिनीपासून उंच आणि कच्च्या रस्त्यांवर टिकणाऱ्या असत. शिवाय फोर्डने १९१३ मध्ये सुरू केलेल्या सरकत्या जोडणी-पट्ट्यामुळे त्यांची किंमतही कमी पडे. दख्खनच्या खडबडीत रस्त्यांसाठी खरेदीदाराने अमेरिकन गाडी निवडणे स्वाभाविक होते. पण त्या निवडीतून पैसा मात्र साम्राज्याबाहेर जात होता. १९३२ च्या ओटावा करारातून आलेल्या ‘साम्राज्यांतर्गत प्राधान्या’ने, म्हणजे साम्राज्यातील मालावर इतरांपेक्षा कमी जकात घेण्याच्या पद्धतीने, ब्रिटिश मोटारींना साडेसात टक्क्यांची सवलत दिली. भारतीय राष्ट्रवाद्यांचा आक्षेप असा होता की, ही सवलत भारतीय ग्राहकाच्या खिशातून ब्रिटिश कारखानदाराला मिळते आणि तिच्यातून भारतात एकही कारखाना उभा राहत नाही. १९३६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने हा करार संपुष्टात आणावा असा ठराव केला, यावरून परदेशी मालाची खरेदी हा विषय तोवर राष्ट्रीय हिताच्या भाषेत किती रुजला होता हे कळते.

याच काळात परदेशी कंपन्यांनी मुंबईत आपले पाय रोवले. फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे ब्रिटन वगळता साम्राज्याच्या बहुतेक भागांतील व्यवसायाचे हक्क होते, आणि तिने १९२६ मध्ये भारतात उपकंपनी स्थापन केली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला आणि तेथून शेव्हरोले गाड्या बाहेर पडू लागल्या. ‘जोडणी’ या शब्दाचा अर्थ येथे नीट लक्षात घेतला पाहिजे. संपूर्ण मोटार जहाजात फार जागा अडविते, म्हणून ती सुटी करून लाकडी खोक्यांतून पाठविली जाई आणि बंदराजवळच्या कारखान्यात तिचे भाग एकत्र बसवून, रंग देऊन, गाद्या शिवून ती विक्रीला काढली जाई. अशा कामातून शेकडो भारतीय कामगारांना रोजगार आणि काही एक कसब मिळाले, रंग, गाद्या, टायर यांसारख्या गोष्टी देशात घेता येऊ लागल्या, आणि वाहतुकीचा खर्च वाचल्याने किंमतही आटोक्यात राहिली. परंतु इंजिन, गिअरपेटी आणि आस हे मोटारीचे खरे भाग खोक्यांतूनच येत. ते ओतण्याची, कापण्याची आणि तपासण्याची विद्या डेट्रॉईटला किंवा कॅनडात राहत असे. देशात जोडली गेलेली मोटार देशी म्हणावी का, या वादाचे बीज शिवडीच्या या खोक्यांत होते.

त्या वादाला योजनेचे रूप दिले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांची ख्याती झाली असली तरी त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले होते आणि १८८४ पासून पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे अशा भागांत काम केले होते. खडकवासला धरणावरील त्यांची स्वयंचलित दारे प्रसिद्ध आहेत. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यानंतर युरोप-अमेरिकेतील मोटार कारखान्यांची पाहणी करून मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. त्यांच्या दृष्टीने मोटार ही केवळ एक विक्रीची वस्तू नव्हती. तिच्यासाठी पोलाद, रबर, काच, रंग, विजेची उपकरणे आणि अचूक यंत्रकाम या सर्वांची गरज लागते, म्हणून एक मोटार कारखाना अनेक उद्योगांना जन्म देतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा या योजनेला प्रांतिक सरकारकडून भांडवलावरील व्याजाची हमी देण्याचा विचार पुढे गेला. परंतु १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हमीचा तो आधार नाहीसा झाला.

योजना प्रत्यक्षात उतरविण्याची जबाबदारी वालचंद हिराचंद यांनी घेतली. सोलापूरच्या व्यापारी कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंदांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून ब्रिटिश जहाज कंपन्यांशी झुंज दिली होती, आणि त्या अनुभवातून परकीय सत्ता देशी उद्योगाला कशा प्रकारे अडविते याची त्यांना पुरती कल्पना आली होती. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी त्यांची बोलणी यशस्वी झाली; परंतु कारखान्यासाठी लागणारी यंत्रे आणि डॉलर मिळविण्यासाठी भारत सरकारचे साहाय्य आवश्यक होते. युद्धकाळात जहाजांची जागा, यंत्रे आणि डॉलर दुर्मीळ असल्याचे कारण देऊन सरकारने ते नाकारले. त्याच काळात मुंबईतील जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्या कारखान्यांत सैन्यासाठी कॅनडाहून आलेल्या लष्करी वाहनांची जोडणी जोरात चालू होती. सैन्याला हजारो वाहने हवी असताना ती देशात बनविण्याच्या योजनेला मात्र युद्धोपयोगी मानले गेले नाही, ही गोष्ट भारतीय उद्योजकांच्या मनात खोल रुतली, आणि स्वतंत्र भारताच्या मोटार धोरणात जो निर्धार आणि जो हट्ट दिसतो त्या दोहोंचे मूळ याच अनुभवात आहे.

बिर्ला समूहाने १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स आणि वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्या स्थापन केल्या. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लरच्या परवान्याखालील डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वेळी देशापुढे परकीय चलनाचा प्रश्न उभा राहिला होता. युद्धात भारताने पुरविलेल्या माल-मनुष्यबळाच्या मोबदल्यात लंडनमध्ये ‘स्टर्लिंग शिल्लक’ साठली होती, म्हणजे ब्रिटनने भारताचे देणे म्हणून पौंडांत लिहून ठेवलेली रक्कम. १९४७ मध्ये ती सुमारे ११६ कोटी पौंड होती. परंतु ही रक्कम हवी तेव्हा डॉलरमध्ये बदलून घेता येत नव्हती, आणि धान्य, यंत्रे, रेल्वेची सामग्री या साऱ्यांसाठी तीच पुरवावी लागणार होती. अशा वेळी परदेशी मोटारीवर खर्च झालेला प्रत्येक डॉलर म्हणजे दुसऱ्या एखाद्या निकडीच्या गरजेतून काढून घेतलेला डॉलर होता. १९४९ पासून पूर्ण बांधलेल्या मोटारींच्या आयातीला जवळजवळ बंदी झाली आणि सुट्या भागांची आयातही परवान्याच्या ताब्यात आली.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने, म्हणजे कोणत्या उद्योगाला किती जकातीचे संरक्षण द्यावे याचा अभ्यास करणाऱ्या आयोगाने, मोटार उद्योगाचा अहवाल दिला. आयोगासमोरचे चित्र असे होते की बाजारपेठ लहान, गाड्यांच्या तऱ्हा मात्र पुष्कळ, आणि त्यामुळे एकाही तऱ्हेची इतकी संख्या होत नव्हती की तिचे भाग देशात बनविणे परवडावे. म्हणून ज्या कंपन्यांजवळ टप्प्याटप्प्याने सर्व भाग देशात बनविण्याचा मान्य कार्यक्रम असेल त्यांनाच काम चालू ठेवू द्यावे, केवळ जोडणी करणाऱ्यांना नाही, अशी शिफारस आयोगाने केली आणि सरकारने ती स्वीकारली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी असा कार्यक्रम हाती घेतला नाही. १९५४ च्या सुमारास दोघांचेही भारतातील काम थांबले. शिवडीच्या पर्वाचा तो शेवट होता. जगातील दोन सर्वांत बलाढ्य मोटार कंपन्यांना नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने निर्मितीची अट घातली, हा निर्णय धाडसाचा होता आणि त्याचा आशय योग्य होता, कारण त्याने ‘देशात जोडलेले’ आणि ‘देशात बनविलेले’ यांतील भेद कायद्याच्या पातळीवर प्रथमच स्पष्ट केला.

निर्मितीचा कार्यक्रम म्हणजे परदेशाशी संबंध तोडणे नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. मद्रासच्या एका कंपनीने ब्रिटनच्या स्टँडर्डशी, हिंदुस्थान मोटर्सने मॉरिसशी आणि प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केले. आराखडा, साचे आणि तंत्र परदेशातून विकत घ्यायचे आणि भाग हळूहळू देशात बनवायचे, असा तो मार्ग होता. १९५४ मध्ये कुर्ल्याला आलेली फियाट ११०० ही गाडी याच मार्गाने भारतीय झाली. १९६४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या जीवनाचा भाग झाली. मुंबईकर तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. नाव परदेशी आणि घडण कुर्ल्याची, अशा या गाडीने परदेशी-देशी हा भेद नावावरून ठरत नाही हेच दाखवून दिले.

परंतु संरक्षणाची दुसरी बाजू लवकरच दिसू लागली. नियोजनात खासगी मोटारीला चैन मानले गेले आणि मालमोटारी व बसगाड्यांना अग्रक्रम मिळाला. हा क्रम समाजहिताचा होता. १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर सुरू झालेली राज्य परिवहनाची सेवा ज्या बेडफर्ड गाड्यांवर उभी राहिली त्या जनरल मोटर्सच्या ब्रिटिश शाखेच्या होत्या, आणि गावोगाव पोहोचणारी अशी सेवा देशात बनलेल्या वाहनांवर चालावी, हे ध्येय रास्तच होते. टाटा समूहाच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून मालमोटारींच्या क्षेत्रात ते मोठ्या प्रमाणात साध्य केले. मोटारींच्या बाबतीत मात्र अग्रक्रम नाकारणे म्हणजे वाढ नाकारणे झाले. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाचा साठा झपाट्याने घटल्यावर नव्या यंत्रांची आणि भागांची आयात आणखी आवळली गेली. स्वस्त लहान मोटारीचा विचार सरकारी समित्यांनी केला, पण चलनाअभावी तो पुढे ढकलला गेला. उत्पादनाची मर्यादा परवान्यात, नव्या स्पर्धकांना दार बंद, आणि १९६९ पासून १९७५ पर्यंत किमतीही कायद्याने ठरविलेल्या. त्या किमतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

याचे ओझे ग्राहकावर पडले. फियाटसाठी अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि ज्याला लवकर हवी त्याने ठरलेल्या किमतीहून जास्त पैसे मोजून ती दुसऱ्याकडून घ्यावी लागे. परदेशी मोटार तर शंभर टक्क्यांहून अधिक शुल्कामुळे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली. परदेशातून कायमचे परतणाऱ्यांनी आणलेल्या गाड्या आणि वकिलातींनी वापरून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेल्या गाड्या, एवढेच तिचे कायदेशीर मार्ग उरले. बंदीमुळे परदेशी गाडीचे आकर्षण कमी झाले नाही, उलट ते वाढले. ‘इम्पोर्टेड’ हा शब्द मराठी बोलीत उत्तमाचा समानार्थी झाला, आणि मुंबईत इम्पाला गाडी श्रीमंतीची खूण ठरली. स्वदेशीचा जो विचार लोकहितवादींपासून रानड्यांपर्यंत नैतिक बळावर उभा होता, तो परवान्यांच्या आणि प्रतीक्षायाद्यांच्या कारभारात लोकांच्या मनातून उतरला, ही या कालखंडाची सर्वांत मोठी हानी होय. १९८० च्या सुमारास सगळ्या देशात मिळून वर्षाला जेमतेम तीस-चाळीस हजार मोटारी बनत होत्या, आणि त्यांच्या रचना दोन-तीन दशके जुन्या होत्या. फिस्कल कमिशनची तिसरी कसोटी लावली तर हा उद्योग त्या वेळी अनुत्तीर्ण ठरला असता.

तरीही या काळाला केवळ अपयशाचा काळ म्हणणे अन्यायाचे होईल. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पिंपरी-चिंचवड, भोसरी अशा ठिकाणी औद्योगिक वसाहती उभ्या केल्या. टेल्को आणि बजाज यांसारख्या कारखान्यांच्या भोवती ओतकाम, घडकाम, गिअर, स्प्रिंगा, रबरी भाग बनविणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले. आणि आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलांना टर्नर, फिटर, टूलमेकर म्हणून काम मिळाले. पश्चिम महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे शेतीबाहेरच्या नियमित पगारावर प्रथम उभी राहिली ती अशाच कामांमुळे. विश्वेश्वरय्यांनी एका कारखान्यातून अनेक उद्योग जन्म घेतील असे म्हटले होते. ते भाकीत मोटारीपेक्षा मालमोटार, स्कूटर आणि सुट्या भागांच्या क्षेत्रात अधिक खरे झाले.

कोंडी फुटली ती पुन्हा परदेशी कंपनीच्या साहाय्याने, पण वेगळ्या अटींवर. १९८१ मध्ये सरकारने स्थापन केलेल्या मारुती उद्योगाने २ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानच्या सुझुकीशी करार केला, सुझुकीला आरंभी २६ टक्के भाग देण्यात आला, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. आरंभीच्या गाड्यांचे बहुतेक भाग जपानहून येत असल्यामुळे शिवडीच्या खोक्यांचाच हा नवा अवतार आहे, अशी टीका झाली. ती पूर्णपणे चुकीची नव्हती. परंतु या वेळी स्वदेशीकरणाचे टप्पे करारात बांधलेले होते, आणि १९८५ नंतर येन झपाट्याने महाग झाल्याने जपानी भाग आणणे परवडेनासे होऊन देशात भाग बनविण्याची घाई खुद्द कंपनीलाच झाली. मोठ्या संख्येने एकच गाडी बनविली की भाग देशात करणे परवडते, हे १९५३ च्या आयोगाचे तर्कशास्त्र तीस वर्षांनी मारुतीने सिद्ध केले. मात्र त्यासाठी जुन्या उत्पादकांची मक्तेदारी मोडावी लागली.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवाना उठला आणि परदेशी कंपन्या एकामागून एक आल्या. सरकारने १९९७ च्या अखेरीस त्यांना अट घातली की तीन वर्षांत निम्मे आणि पाच वर्षांत सत्तर टक्के भाग देशातले असावेत, आणि जितक्या किमतीचे भाग आयात केले जातील तितकी निर्यातही करावी. अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी ही अट जागतिक व्यापार संघटनेपुढे नेली. २००१ मध्ये निर्णय भारताच्या विरुद्ध गेला आणि २००२ पर्यंत त्या अटी मागे घेण्यात आल्या. १९५३ मध्ये जे धोरण सार्वभौम देशाचा हक्क मानले गेले होते ते अर्ध्या शतकाने आंतरराष्ट्रीय कराराचा भंग ठरले. मात्र आयात शुल्क उंच ठेवण्याचा मार्ग खुला होता, आणि बाहेरून पूर्ण गाडी आणण्यापेक्षा येथे कारखाना काढणे फायद्याचे ठरावे अशी रचना त्या शुल्कानेच टिकविली.

त्या रचनेचे फळ म्हणजे चाकण. पुणे-नाशिक रस्त्यावरील या परिसरात २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले, आणि जवळच तळेगावला जनरल मोटर्सने आपला कारखाना काढला. हे कारखाने येथे आले याचे एक मोठे कारण म्हणजे चार दशकांत पिंपरी-भोसरीला तयार झालेले भागपुरवठादार आणि कुशल कामगार. संरक्षणाच्या काळात मुरलेले ज्ञान खुल्या काळात उपयोगी पडले. चाकण आणि तळेगाव येथून मेक्सिकोसारख्या दूरच्या देशांत मोटारी जाऊ लागल्या, म्हणजे तिसरी कसोटी निदान काही अंशी पूर्ण झाली. कुर्ल्याच्या वाट्याला मात्र हे यश आले नाही. प्रीमियरने प्यूजो आणि फियाट यांच्याशी नव्याने केलेले करार तिला वाचवू शकले नाहीत, पद्मिनीचे उत्पादन विसावे शतक संपताना थांबले, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली.

परदेशी कारखाना आला म्हणजे तो कायमचा राहतो असेही नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री बंद केली आणि २०२० च्या अखेरीस तळेगावचे उत्पादनही थांबविले. फोर्डने २०२१ मध्ये भारतात मोटारी बनविणे थांबविण्याचे जाहीर केले. १९५४ मध्ये या दोन्ही कंपन्या सरकारच्या अटीमुळे गेल्या होत्या. या वेळी नफ्याच्या हिशेबाने गेल्या. निर्णय दिल्लीत झाला काय किंवा डेट्रॉईटला झाला काय, यंत्रापुढच्या कामगाराच्या दृष्टीने दरवाजा सारखाच बंद होतो. म्हणून मालकी कोणाची हा प्रश्न गौण मानणाऱ्यांनी तळेगाव लक्षात ठेवावे, आणि मालकी देशी असली की सर्व साधले असे मानणाऱ्यांनी कुर्ला.

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला, त्यात ठरावीक संख्येपर्यंतच्या ब्रिटिश मोटारींवरील शुल्क शंभर टक्क्यांहून अधिक होते ते टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे मान्य करण्यात आले. ओटावा करारावर जळजळीत टीका करणाऱ्या पिढीला हे विचित्र वाटले असते. पण त्या वेळी सवलत लादलेली होती आणि तिच्या बदल्यात काही मिळत नव्हते, आज ती स्वतंत्र देशाने वाटाघाटीत दिलेली आहे आणि तिच्या बदल्यात भारतीय मालाला ब्रिटनची बाजारपेठ खुली होते. परदेशी मोटार घेणे म्हणजे देशद्रोह आणि न घेणे म्हणजे देशभक्ती, अशी सरळ विभागणी या इतिहासात कुठेच बसत नाही. ज्या मोटारीचे इंजिन चाकणला बनते ती परदेशी नावाची गाडी, आणि जिचे महत्त्वाचे भाग समुद्रापलीकडून येतात ती देशी नावाची गाडी, यांतील अधिक स्वदेशी कोणती हे ग्राहकाला नावावरून कळणार नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी हा जुना प्रश्न पुन्हा तितक्याच तीव्रतेने समोर आणला आहे. अशा गाडीच्या किमतीतला फार मोठा वाटा बॅटरीचा असतो, बॅटरीचे मर्म तिच्या लिथियम-आयन घटांत असते, आणि ते घट भारतात आजही मुख्यतः आयात होतात. देशी कारखान्यात, देशी कामगारांनी, देशी नावाने जोडलेल्या गाडीतला सर्वांत मोलाचा भाग जर खोक्यातून येत असेल, तर १९२८ मधील शिवडी आणि आजचा एखादा आधुनिक कारखाना यांतील अंतर वाटते तितके नाही. त्यावर १९४९ सारखी बंदी घालून उपयोग होणार नाही, कारण तिचे परिणाम देशाने भोगले आहेत. आणि खोके स्वस्त आहे म्हणून निश्चिंत राहूनही चालणार नाही, कारण वालचंदांच्या वाट्याला आलेला नकार त्या निश्चिंतीची किंमत सांगतो. संरक्षण द्यायचे तर ते मुदतीचे असावे, त्याची मोजणी देशात किती ज्ञान मुरले यावरून व्हावी, आणि मुदत संपताच उद्योगाने जगापुढे उभे राहावे, ही १९२२ ची कसोटी शंभर वर्षांनीही तितकीच खरी आहे. ती प्रामाणिकपणे लावली गेली, तरच शिवडीला उघडलेल्या त्या खोक्यांचे ऋण या देशाने फेडले, असे म्हणता येईल.